नूतनचा निळा डोंगर

नूतन आमच्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा मी तिला एकच अट घातली होती. आम्ही जैन, तेव्हा कांदा-लसूण वरच्या वर. वास जिना उतरून खाली यायला नको. ती बॅग ठेवता ठेवता म्हणाली, "काकी, मी नाही उतरू देणार, पण वासाला जिना कुठला आणि गच्ची कुठली हे कसं कळणार?" मला हसू आलं आणि अट तिथेच ढिली पडली. पुढे महिन्याभरात तिनं स्वतःच कांदा बंद केला. म्हणे, एकटीसाठी चिरायचा कंटाळा येतो. धर्मात आणायला मी कितीतरी लोकांच्या मागे लागले असेन, ही कंटाळ्यानं आली.

नूतन मूळची भुसावळची. वडील रेल्वेत, घर रुळाला लागून. गाडीचा आवाज नसला की तिला झोप लागत नाही, म्हणून धुळ्यात आली ती एक खडखडणारा जुना पंखा घेऊनच. हे म्हणजे आमचे शेठजी, गौतमचंद. पंप आणि पाइपांचं दुकान आहे आमचं. तर हे म्हणाले, "बेटा, या पंख्याचं बेअरिंग बदलून देतो." ती म्हणाली, "काका, आवाज गेला तर पंख्याचा उपयोग काय?"

जळगावला तिनं संख्याशास्त्र केलं. धुळ्यात पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. तिचं काम पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एवढं शिकून ही विहिरीत डोकावत फिरते? पण खरंच तेच काम. शिंदखेड्याकडच्या गावांमध्ये जायचं, टोकाला वजन बांधलेली टेप विहिरीत सोडायची, पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजायचं. त्यात गंमत अशी की नूतनला विहिरीची भीती वाटते. पोहता येत नाही. ती काठावर उभी राहत नाही, ओढणी कमरेला बांधून चक्क पोटावर झोपते आणि मान पुढे काढून मोजते. गावातल्या बाया सुरुवातीला धावत यायच्या, पोरीला चक्कर आली समजून.

तिला विहिरी नंबरानं आठवत नाहीत, माणसांच्या नावानं आठवतात. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं, चौविहार असतो माझा. नूतनही त्याच वेळेला ताट घेऊन खाली येते आणि घास घेता घेता सांगते, "आज भिकनदादाची विहीर चार फूट खाली गेली. वनाआप्पाची मात्र होती तिथेच बसलीय, आप्पांसारखीच." मी तोवर त्यांचं गाव पाहिलं नव्हतं, तरी तिथल्या सगळ्या विहिरींचे स्वभाव मला पाठ झाले होते.

गावाचं नाव बोरहोळ. नरडाण्यापासून आत जावं लागतं. तिथे पिण्याच्या पाण्यासाठी सगळ्या गावाची मिळून एक विहीर खोदायची होती. निम्मी मदत संस्थेची, बाकी गावाची मेहनत. जागा कुठली ते नूतनच्या मोजणीवरून ठरायचं होतं. गावानं मुहूर्त पण धरून ठेवला होता, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

मुहूर्ताच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. वर उकाडा फार. मी पापड लाटत होते. स्क्रीनवर जाळीचं कापड पसरावं तसं काहीतरी होतं, एका बाजूला सपाट, आणि दुसऱ्या बाजूला मस्त उंच उठलेलं, शेंड्याकडे गडद निळं.

"किती छान डोंगर काढलास," मी म्हटलं.

"काकी, हा डोंगर नाही. हा खड्डा आहे."

मी लाटणं थांबवलं.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "सगळ्या विहिरींचे आकडे मी या सॉफ्टवेअरला दिले. पाणी किती फूट खाली ते. ते त्याचा असा पृष्ठभाग काढून देतं, तिन्ही बाजूंनी दिसणारा. पण त्याला पाणी-बिणी कळत नाही. त्याला एवढंच कळतं, आकडा मोठा की उंच चढवा. टेकाडावर पाणी चाळीस फूट खाली, म्हणून तिथे डोंगर. नाल्याकडे दहा-बारा फुटांवर, म्हणून तिथे सपाट."

"आणि निळं?"

"मोठ्या आकड्याला निळा रंग त्यानंच दिला. मी फक्त हो म्हटलं." तिनं माझी एक वाटी उचलली आणि ओट्यावर पालथी घातली. "आत्ता असं आहे. हे असं करायचंय," म्हणून वाटी सुलटी केली. "उभा अक्ष उलटा करायचा. जळगावहून आले की करते."

जळगावला तिचं संस्थेचं प्रशिक्षण होतं. ती गेली. आणि तिच्या संस्थेतल्या टेबलावर असलेला तो डोंगराचा छापील कागद संस्थेच्या जीपबरोबर, बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, बोरहोळला पोचला.

ती परत आली त्या दिवशी फोन आला. ती जिन्यातच उभी होती. फोन प्रेमराजचा, बोरहोळच्या पाणी समितीचा तो प्रमुख. मोठ्यानं बोलणारा माणूस, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"ताई, अभिनंदन. जागा ठरली."

"कोणती जागा?"

"तुमची निळी जागा, दुसरी कोणती? टेकाडावरची. आम्ही कागद ओसरीवर पसरला, फिरवून फिरवून दिशा लावल्या. एवढं पाणी आमच्या पायाखाली, आणि आम्हाला पत्ता नाही. झुलालआबांनी तर त्याच दिवशी नारळ फोडला."

नूतन हळूच पायरीवर बसली. "प्रेमराजभाऊ, तिथे पाणी सगळ्यात खोल आहे. ते चित्र उलटं आहे."

मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुम्ही प्रवासातून आल्या, दमल्या असाल."

"अहो, टेकाडावरच्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात, हे तुम्हालाच माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. म्हणूनच तर सगळे चाट पडले. वरवर कोरडं आणि खाली डोंगराएवढं पाणी. आबा म्हणाले, कॉम्प्युटर खोलवरचं बघतो, आपण वरवरचं."

फोन ठेवून ती माझ्याकडे आली तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाली, "काकी, ते आखाजीला टेकाडावर खणतील. मेहनत करून, उन्हात, बायका-पुरुष सगळे. आणि पाणी लागणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुष्पाबाई परत हंडे घेऊन नाल्यापलीकडे जातील, माझ्या चित्रामुळे."

पुष्पाबाई म्हणजे झुलालआबांची बायको. नूतन गावात गेली की त्यांच्याकडेच जेवते. झुलालआबा गावातले जुने माणूस, त्यांनी नारळ फोडला की ती गोष्ट ठरली असं तिकडे मानतात. नारळ फोडलेली जागा सोडणं म्हणजे देवाला उठवून लावणं.

"तोंडानं सांगून नाही भागणार," ती म्हणाली. "चित्रानं बिघडवलंय, चित्रानंच सांगायला पाहिजे."

रविवार होता. सकाळचं सामायिक, म्हणजे ध्यानाची बैठक, आटोपून मी बाहेर आले तर ती माझ्या ओट्याशी बसून त्या सॉफ्टवेअरशी भांडत होती. भांडणच ते.

"त्याला म्हटलं, उभा अक्ष पन्नासपासून शून्याकडे ने. तर लाल अक्षरांत उत्तर देतं. चालणार नाही. मर्यादा चढत्याच पाहिजेत. लहानाकडून मोठ्याकडे, दुसरी वाटच माहीत नाही."

"मग?"

"मग आकड्यांनाच फिरवते." तिनं प्रत्येक आकड्याच्या आधी उणेचं चिन्ह लावलं. एक बटण दाबलं आणि डोंगराचा खड्डा झाला. टेकाडाची बाजू खोल गेली, नाल्याची बाजू वर आली. निळा रंगही आपसूक नाल्याकडे सरकला, कारण आता तिथला आकडा मोठा. मला फार आवडलं ते. मी हात जोडले, तर ती म्हणाली, "थांबा, आत्ताच नको. हे बघा बाजूला काय लिहिलंय. उणे दहा, उणे वीस, उणे चाळीस. वनाआप्पा विचारतील, उणे फूट कुठल्या दुकानात मिळतं?"

हे चहा पीत होते. म्हणाले, "माझ्या नाही बुवा मिळत."

तिनं सॉफ्टवेअरनं लिहिलेले आकडे पुसले आणि आपले हातानं टाकले. सगळ्यात वर 'जमीन'. त्याखाली दहा फूट, वीस फूट, असं खाली खाली. म्हणजे चित्राच्या वरच्या कडेला माणूस उभा आहे आणि तिथून खाली बघतोय.

मला वाटलं झालं. पण तिचं समाधान नव्हतं. ती डोळे मिटून बसली आणि हात हवेत फिरवायला लागली. "काकी, मारुतीच्या पारावर बसलं की समोर शाळेची भिंत, आणि भिंतीमागे नाला. म्हणजे तोंड दक्षिणेकडे. डाव्या हाताला उगवती, उजव्या हाताला टेकाड. आणि माझ्या चित्रात टेकाड डावीकडे आणि नाला पायाशी. त्यांनी ओसरीवर कागद फिरवून घेतला म्हणून जमलं. भिंतीवर लावलेलं कोण फिरवणार?"

मग तिनं पूर्व-पश्चिमेचा अक्ष उलटा केला. तेही सरळ जमलं नाही. आधी नुसती नावं उलटली, तर पाट्या इकडच्या तिकडे गेल्या आणि विहिरी होत्या तिथेच राहिल्या. आकडे आणि नावं दोन्ही बरोबर न्यावी लागतात. ते केलं, तर टेकाड उजवीकडे आलं खरं, पण ती एकदम ओरडली, "अगं बाई, नाला मारुतीच्या पाठीमागेच राहिला."

मी बघितलं. आरशात बघून भांग पाडल्यावर होतं तसं काहीतरी झालं होतं. एकच अक्ष फिरवला की अख्खं गाव आरशातलं होतं. मग तिनं उत्तर-दक्षिणेचाही उलटवला. आता नाला लांब, समोर. टेकाड उजवीकडे. ती एक एक विहीर बोटानं दाखवत नावं घेत गेली. भिकनदादा, वनाआप्पा, सारिकाच्या सासरची, शाळेमागची. सगळ्या आपापल्या जागी होत्या. मग कुठे तिनं थंड झालेला चहा प्यायला.

चित्र भिंतीवर लावायचं तर फ्लेक्स पाहिजे. ह्यांच्या ओळखीचा फ्लेक्सवाला रविवारी पण उघडा असतो. त्यानं छापून दिलं, पण त्याला वरची मोकळी जागा बघवली नाही. त्यानं तिथे मोठ्या अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन' टाकलं, आणि कोपऱ्यात जोडलेले दोन हात. नूतननं कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "राहू दे. आपल्याकडे फ्लेक्सवर हात जोडलेले नसले तर लोक वाचतच नाहीत."

सोमवारी यांना नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत माल पोचवायचा होता. त्याच गाडीत नूतन निघाली, आणि मी पण. खरं तर विहीर खोदणं म्हणजे जमिनीतल्या जीवांची हिंसा, आमच्यात ती पापात धरतात. पण तहानलेल्याला पाणी मिळणं पुण्यात धरतात. या हिशेबात कोणतं पारडं जड ते महाराजसाहेबांना विचारीन कधीतरी. त्या दिवशी मला नूतनला एकटीला पाठवायचं नव्हतं, एवढंच.

बोरहोळला पोचलो तेव्हा पारावर माणसं जमली होती. बाया देवळाच्या सावलीला. प्रेमराजनं शाळेच्या भिंतीला फ्लेक्स बांधला. पहिल्यांदा सगळ्यांनी 'हार्दिक अभिनंदन' वाचलं आणि कोणाचं म्हणून विचारलं. मग खाली बघितलं.

"भो, डोंगर खाले गया," मागून कोणीतरी अहिराणीत म्हणालं.

"आठवडाभर व्हता, आते खड्डा व्हयना."

लोक हसले. नूतन पुढे उभी राहिली. "चूक माझी आहे. मी चित्र पाठवलं आणि ते कसं वाचायचं ते सांगायला आले नाही. तुम्ही बघितलं त्यात डोंगर म्हणजे पाणी नव्हतं, खोली होती. जिथे डोंगर, तिथे पाणी सगळ्यात लांब. आज मी ते तुम्ही पारावर बसून बघता तसं फिरवून आणलंय. वरची कड म्हणजे आपली जमीन. समोर नाला. इथे पाणी दहा-बारा फुटांवर. उजव्या हाताला टेकाड. बघा तिथे किती खाली गेलंय."

वनाआप्पा उठून फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. नाल्याकडच्या निळ्यावर बोट ठेवलं. "हाई मनी विहीर?"

"हो आप्पा, तुमचीच."

"अन हाई टेकाड. बरोबर शे." ते मागे वळले. "आते बरोबर दिखस. आधी माले वाटेच, आपली विहीर सपाट कशी काय."

"मंग तवय काब्र नई बोलना?" प्रेमराज म्हणाला.

"तवय बठ्ठा वा वा करी राहिंतात. मी एकलाच कसाले बोलू?"

पुन्हा हशा. पण झुलालआबा हसले नव्हते. ते पाराच्या कडेला टोपी मांडीवर ठेवून बसले होते. नूतन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुनं चित्र बरोबर व्हई. पन नारळ फुटी गया. आते जागा बदलाव नई."

मी मनात नवकार म्हणायला लागले.

नूतन म्हणाली, "आबा, माझ्या चुकीचा राग देवाला माझ्यावर येऊ दे. पण तिथे खणून पाणी नाही लागणार."

"मी गावना समोर नारळ फोडा. देवले काय सांगू? कॉम्प्युटर फिरी गया म्हनीसन?"

तेव्हा बायांमधून पुष्पाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "नारळ कोनले दिधा तुम्ही?"

"कोनले म्हंजे? धरतीमायले."

"मंग धरतीमाय टेकाडवरच ऱ्हास का? नालावर ती कोन शे, तिनी सवत?"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आबांनी कडक चेहरा करून बघितलं, पण मिशी हलली. म्हणाले, "तुले हसू येस. खोबरं बठ्ठासनी खाई टाकं. परसाद वाटीसन जागा सोडानी म्हंजे लोक काय म्हनतीन?"

आता त्यांचं खरं दुखणं कळलं. देवाचा प्रश्न नव्हता, लोकांचा होता. नूतन फ्लेक्सकडे वळून बघत होती, मग टेकाडाकडे, खरोखरच्या. मग तिनं ह्यांना विचारलं, "काका, नाल्याजवळ विहीर झाली तर पाणी गावात आणायला टाकी कुठे बांधतात?"

"उंचावर," हे म्हणाले. "उंचावर टाकी असली की नळाला पाणी आपोआप उतरतं. टेकाडासारखी जागा शोधून मिळायची नाही."

"टाकीची जागा ठरलीय का, प्रेमराजभाऊ?"

"नाही. ती पुढच्या मीटिंगला घेणार होतो."

नूतन पुन्हा आबांपुढे जाऊन पाराच्या खालच्या पायरीवर बसली. "आबा, टाकी टेकाडावरच पाहिजे. तुम्ही जिथे नारळ फोडलात, तिथेच. दुसरीकडे मी बांधू देणार नाही."

आबांनी मान वळवून टेकाडाकडे बघितलं. मग टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "तो नारळ टाकीना व्हता."

"टाकीचाच होता."

"मी बी तेच सांगी राहिंतू," आबा सगळ्यांकडे वळून म्हणाले. "कोनी आयकतच नई."

पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला आणि आम्हाला जेवायला चला म्हणून सांगितलं. दिवस मावळायला वेळ होता, मी जेवले. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ, त्यात लसूण नव्हता. पुष्पाबाईंनी नूतनकडून आधीच विचारून घेतलं होतं.

आखाजीला मी बोरहोळला नव्हते. जळगावला माझी जाऊ चेलना हिच्या वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभराच्या उपासांचं, पारणं होतं, उसाचा रस पाजायला सगळं घर गेलं होतं. नूतनचा फोन तिथेच आला. नाल्याकडे कुदळ पडली होती. दुसरा नारळ आबांनीच फोडला, आणि या खेपेला फोडायच्या आधी त्यांनी तिला विचारलं म्हणे, "हाऊ विहिरनाच ना?"

जेठात पाणी लागलं, चौदा फुटांवर. परवा आम्ही गेलो होतो, पंप बसवायला. टेकाडावर टाकीचा चौथरा उभा राहिलाय. गावात कोणी पाहुणा आला की आबा त्याला आधी टेकाडावर नेतात, मग नाल्याकडे. आपण सुरुवातीपासून ही जागा कशी टाकीसाठी हेरली होती ते सविस्तर सांगतात. परवा त्यांनी ह्यांनाही सांगितलं, जणू हे त्या दिवशी तिथे नव्हतेच. नूतन आबांच्या मागे उभी होती, आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.